मुळात नसलेली ओळ

काकूंचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात परीक्षेच्या हॉलवर होते. हॉलवर फोन बंद ठेवायचा हे मीच मुलांना दरडावून सांगते, पण गेल्या काही आठवड्यांत माझा फोन मी बंद ठेवत नव्हते. व्हरांड्यात येऊन उचलला. "सर गेले गं," एवढंच काकू म्हणाल्या. मग शेजारच्या कुणीतरी त्यांच्या हातून फोन घेतला आणि सांगितलं, की सकाळी दाढी करता करता सर खाली बसले ते बसलेच, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. आपलं माणूस गेल्यावर आधी दुःख व्हावं. मला आधी भीती वाटली. आता सरांचा संगणक कुणी उघडेल का, त्यातलं माझं उत्तर कुणी वाचेल का, याची भीती. लिहायला लाज वाटते, पण तीच आधी आली. दुःख मागाहून आलं, नेवाशाहून नगरला जाताना, एसटीत, घोडेगावच्या पुढे.

भीतीचं कारण सुरुवातीलाच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं लिहिताना माझा हात अडखळेल. जाण्याच्या दीड महिना आधी सरांनी माझ्याकडे मदत मागितली होती, लेखी मागितली होती, आणि मी ती खोडून टाकली होती. काकूंना हे माहीत नव्हतं. सर संकटाच्या त्या तीन दिवसांत कुणालाच काही बोलले नाहीत, जन्माच्या जोडीदारालासुद्धा नाही, असं त्या धरून चालल्या होत्या. आणि ते त्यांना फार लागलं होतं.

दत्तात्रय हिरवे सर नगरच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. मी त्यांची विद्यार्थिनी, आणि पुढे नेवाशाला तोच विषय शिकवायला लागले. सर मूळचे काष्टीचे. वडील शिंपी, बाजाराच्या दिवशी झाडाखाली मशीन मांडून बसणारे. कुणा भाऊबंदाला ते जामीन राहिले, भाऊबंद गाव सोडून गेला, आणि एके दिवशी कोर्टाचा बेलीफ कागद घेऊन दारात उभा राहिला. त्याने तो खणखणीत आवाजात वाचून दाखवला. वडिलांना त्यातलं काहीच उमगलं नाही. मशीन उचललं गेलं तेवढं उमगलं. हा प्रसंग सर वर्गात दरवर्षी सांगत, अगदी हसत हसत, आणि शेवटी म्हणत, की तेव्हापासून मला हुकूम वाचायचे आहेत, सगळे. आम्ही मुली मागच्या बाकावर एकमेकींना कोपर मारायचो... सर सुरू झाले म्हणून. ते हसत होते म्हणजे त्यांना भीती वाटत नव्हती, असं मी कितीतरी वर्षं समजत होते.

आधी ते मोडीतले कागद वाचायला शिकले. मग त्यांच्या हाती कुठूनसं एक जुनं इंग्रजी पुस्तक लागलं, त्यात सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडच्या दरबारातल्या नोंदी होत्या. राजाने आपल्या अधिकाऱ्यांना पाठवलेले हुकूम आणि लोकांनी दरबारात येऊन कबूल केलेली देणी, दोन्ही एकाच चामड्याच्या गुंडाळीवर, पुढच्या बाजूला हुकूम आणि पाठीला देणी. अमका तमक्याचं इतकं देणं लागतो, मुदतीत न फेडल्यास त्याची जमीन आणि चीजवस्तू यांतून वसूल करावं. फेडलं की त्या नोंदीवर रेघ मारायची. सरांना वाटलं, अरे, हे तर काष्टीचंच आहे. झालं, शहरातल्या एका म्हाताऱ्या फादरांकडे जाऊन ते चार वर्षं लॅटिन शिकले. निवृत्त झाल्यावर तिकडच्या कुठल्याशा अभिलेखागाराने त्या गुंडाळ्यांची छायाचित्रं संगणकावर सगळ्यांना खुली केली, तेव्हा तर सरांना दिवस पुरेना. सावेडीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसून हा माणूस लिंकन नावाच्या परगण्यातली देणी मराठीत आणत होता. शेरीफ या अधिकाऱ्याला त्यांनी सरळ मामलेदार करून टाकलं होतं. मी हरकत घेतली, तर म्हणाले की वसुलीला येतो, जप्ती करतो, वरून हुकूम आला की घाबरतो, मग मामलेदार नाही तर काय. त्या गुंडाळ्या म्हणजे चामड्याचे तुकडे एकाखाली एक शिवलेले. ते शिवणही सर मोठं करून बघायचे. एकदा म्हणाले, "हा टाका कुणीतरी घाईत घातलाय बघ. वडिलांनी उसवायला लावला असता."

आमची पद्धत ठरलेली होती. रोज सकाळी दहाच्या सुमारास सर एक नोंद पाठवायचे, आधी लॅटिन, खाली मराठी. मी मोकळ्या तासाला ती मूळ छायाचित्राशी ताडून पाहायची आणि चुका कळवायची. चुका काढण्यात मी लहानपणापासून पटाईत, आणि त्याचा मला गर्व आहे. घरात लग्नपत्रिका आली तरी मी आधी त्यातली अशुद्धं शोधते. सरांची चूक सापडली की मला जो आनंद व्हायचा तो लपवायचं मी कधी कष्ट घेतले नाहीत, आणि तेही "मॅडमनी कान धरला" म्हणून काकूंना हाक मारून सांगायचे. वय वाढलं तशी त्यांची एक चूक नेहमीची झाली होती. नोंदी एकीला एक लागून असतात, शब्द तेच तेच येतात, त्यामुळे नजर घसरून शेजारच्या नोंदीतलं वाक्य इकडे उतरतं. असं वाक्य सापडलं की मी काढून टाकायची. त्याआधी शेजारची नोंद उघडून ते वाक्य खरंच तिथलं आहे का हे बघायचं, हा नियम सरांनीच मला घालून दिलेला.

सर भित्रे होते, हे मात्र आता लिहिलं पाहिजे. विजेच्या बिलांच्या वीस वीस वर्षांच्या पावत्या त्यांच्याकडे क्रमवार लावलेल्या होत्या. बँकेचं साधं पत्र आलं तरी ते उभ्याने वाचत. आम्ही शिष्यमंडळी यावरून त्यांची थट्टा करत असू. एकदा एका नोंदीवर ते बराच वेळ अडले. कुणी जमीनदार वारला की तिकडे राजाचा ठराविक हुकूम निघायचा, त्याची जमीन ताब्यात घ्या, वारस कोण ते चौकशी करून कळवा. सरांना त्या माणसाचं नाही, त्याच्या घरच्यांचं पडलं होतं. अजून घरात रडणं चाललं असेल, आणि दारात कागद घेऊन माणूस उभा, असं म्हणाले आणि त्या दिवशी पुढे काम केलं नाही.

काकू भाचीच्या डोहाळजेवणाला जामखेडला गेल्या होत्या, चार दिवसांसाठी. सर घरी एकटे. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे दहाच्या सुमारास नोंद आली, देण्याची. अमक्या गावच्या अमक्या इसमाने वीस मार्क, म्हणजे तेव्हाचा तिकडचा पैसा, देणं कबूल केलं आहे, न दिल्यास मामलेदाराने त्याच्या चीजवस्तूतून वसूल करावं, वगैरे. आणि खाली मराठीत एक जादा वाक्य: "तसेच सदर इसमास त्याच्याच घरात बसवून ठेवले असून त्यास कुणाशी बोलू देत नाहीत, तरी हे पोचताच विलंब न लावता स्वतः जाऊन दार उघडवावे." वरच्या लॅटिनमध्ये या वाक्याचा मागमूस नव्हता. मी खुशीत आले. सकाळपासून पेपर तपासणीची बैठक, डोकं उठलेलं, त्यात ही सोपी शिकार. शेजारची नोंद उघडून पाहिली असती तर ते वाक्य तिथंही नाही, कुठंच नाही, हे दोन मिनिटांत दिसलं असतं. मी पाहिली नाही. लिहिलं, "सर, शेवटचं वाक्य मुळात नाही. नजर शेजारच्या नोंदीवर घसरली असावी. काढून टाकलं आहे. जरा विश्रांती घ्या." थोड्या वेळाने त्यांचं उत्तर आलं, "ठीक." दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत एकही चूक नव्हती. मी "छान" असं कळवलं.

त्या वेळी तिथं काय चाललं होतं ते नंतर कळलं. काकू गेल्या त्याच दिवशी दुपारी सरांना फोन आला होता. तुमच्या नावाच्या पार्सलात भलतंच काही सापडलं आहे, तुमच्या आधार कार्डावर कुणीतरी गुन्हा केला आहे, असं हिंदीत बोलणारा एक साहेब. मग दुसरा साहेब, तो व्हिडिओवर, गणवेशात, मागे झेंडा. मग मोबाईलवर आलेला हुकूम, त्यावर शिक्का, सही, कलमं. तुम्हाला घरातच अटक केली आहे, कॅमेरा चालू ठेवायचा, नजरेआड व्हायचं नाही, कुणाला कळवलंत तर तासाभरात गाडी दारात येईल. असली फसवणूक आता पेपरात रोज येते. सरांनीही वाचली असणार. लोक अजून मला विचारतात, एवढा शिकलेला माणूस, जन्मभर हुकूमच वाचत आला, त्याला खोटा हुकूम ओळखता येऊ नये? याचा मला संताप येतो. ज्याने हजारो हुकूम वाचले त्याला हेही ठाऊक असतं, की "हा कागद माझा नाही" असं म्हणणाऱ्यांचं पुढे काय झालं. पैसे किती गेले हेही लोक विचारतात. गेले ते गेले, तो हिशेब मी इथं मांडणार नाही. त्या लोकांनी सरांना एकाच गोष्टीची परवानगी दिली होती. परदेशी कचेरीचं काम आहे, रोज पाठवलं नाही तर तिकडून विचारणा होईल, असं सरांनी सांगितलं. मग काय लिहिलंय ते कॅमेऱ्यासमोर धरायला लावून, वाचायला लावून, त्यांनी ते पाठवू दिलं. जुन्या राजाचा जुना हुकूम, त्यांना त्यात काय कळणार.

काकूंना जामखेडला चैन पडेना. रोज संध्याकाळी फोन करणारा नवरा करत नाही, आणि आपण केला तर "कामात आहे" एवढंच म्हणतो. त्या एक दिवस आधीच परतल्या. दार आतून बंद. सर आतून हळू आवाजात म्हणाले, आत येऊ नको. काकूंनी दारावर अशा थापा मारल्या की जिन्यातले सगळे शेजारी बाहेर आले. शेवटी सरांनी दार उघडलं आणि पळत जाऊन पुन्हा खुर्चीत बसले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, तीन दिवसांची दाढी. समोर लॅटिन शब्दकोशाला टेकवलेला मोबाईल. त्यातला माणूस विचारत होता, ही बाई कोण, तिला पण समोर बसवा. काकू सातवी शिकलेल्या. त्यांनी मोबाईल तोंडाजवळ धरला आणि विचारलं, "कोन हाय रं तू? माझ्या घरात माझ्या मानसाला बसवून ठेवनारा तू कोन?" आणि मोरीतल्या बादलीत तो बुडवून टाकला. सर हात जोडत होते, अगं असं करू नको, आता ते खरंच येतील.

मला त्याच संध्याकाळी फोन आला आणि मी दुसऱ्या दिवशी सरांबरोबर तक्रार द्यायला गेले. वाटेत रिक्षात मला आठवलं ते वाक्य. मोबाईल काढून ते पुन्हा वाचलं, आणि ते कुणाबद्दल होतं ते कळलं. पोलीस ठाण्यातला अधिकारी तरुण होता, सरांशी फार अदबीने बोलला. सगळं लिहून घेताना त्याने विचारलं, "सर, मेल पाठवू देत होते, तर त्यात कुणाला कळवायचं सुचलं नाही का?" मी सरांच्या उजव्या हाताला बसले होते, काकू डाव्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे ते जसे बघायचे तसे, म्हणजे दुसऱ्या कुणाला दिसू नये असे. मग अधिकाऱ्याकडे वळून म्हणाले, "नाही हो. सुचलंच नाही." काकूंनी मान खाली घातली. तोंड उघडायची वेळ तीच होती, आणि मी पर्समधून सरांचं आधार कार्ड काढून पुढे केलं.

नंतरचे सहा आठवडे मी दर रविवारी जात होते. सर फार बोलत नसत. रस्त्याकडची खिडकी लावलेली असायची. खाली मोटारसायकल थांबली की त्यांचा चेहरा उतरायचा आणि ती पुढे गेली तरी परत जागेवर यायला वेळ लागायचा. मुलीने पुण्याहून नवा मोबाईल पाठवला, तो डब्यातून काढलाही नाही. मी समजावत बसे, सर, तो हुकूम खोटा होता, शिक्का खोटा, कलमं खोटी. एकदा म्हणाले, "खोटा होता हे मला कळतं गं. पोटाला कळत नाही." दोनदा मी त्या वाक्याचा विषय काढायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा काकू चहा घेऊन आल्या. दुसऱ्यांदा मी "सर, त्या दिवशी तुम्ही..." एवढं म्हटलं आणि त्यांनी लगेच विचारलं, की पुढच्या नोंदीत एक शब्द लागत नाही, बघतेस का. मी बघितला. हायसं वाटलं मला, हेही लिहिते. ते मला सोडवत होते, की त्यांना स्वतःलाच तिकडे परत जायचं नव्हतं, हे आता कुणाला विचारू?

दहाव्याला नगरची, श्रीगोंद्याची, कुठकुठली माणसं आली. सगळे चांगलं बोलले. माणसं पांगल्यावर काकू मला म्हणाल्या, "चाळीस वर्सं संसार केला, पन त्या टायमाला त्यांना मी आठवले न्हाई. मी न्हाई, पोरगी न्हाई, कुनीच न्हाई. असं कसं गं मानूस एकलं पडतं?" मी त्यांचा हात धरून बसले. त्या वाक्याचं सांगितलं नाही. पुढे काही दिवसांनी वर्तमानपत्राच्या या पुरवणीकडून विचारणा झाली, सरांवर लिहाल का. मी लिहिलं. लॅटिन आलं, फादर आले, मामलेदार आला, सगळं नीटनेटकं, एक चूक नाही. ते वाचलं आणि मला भीती वाटली. तीन दिवस कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसानेसुद्धा खरं ते कुठंतरी लिहिलं होतं, आणि माझ्यापुढे तर कुणीच बसलं नव्हतं. तो लेख फाडून मी गेल्या रविवारी काकूंकडे गेले. जिना चढताना वाटत होतं, काकू घरी नसाव्यात.

घरीच होत्या, गहू निवडत होत्या. मी समोर बसले आणि सांगायला लागले. मधेच थांबून पाणी प्याले, परत सुरुवात केली. काकूंचे हात थांबले. "काय लिवलं हुतं त्यांनी? वाच," म्हणाल्या. मी मोबाईलमधून ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "आन् तू काय लिवलंस?" मी म्हटलं, काकू, ते राहू द्या. त्यांनी मोबाईलकडे बोट दाखवलं. मग मी तेही वाचलं, "जरा विश्रांती घ्या"पर्यंत. काकू खूप वेळ ताटातले गहू एका बाजूला सारत होत्या, परत दुसऱ्या बाजूला. "म्हंजे सांगितलं हुतं त्यांनी," शेवटी म्हणाल्या. "कुनालातरी सांगितलं हुतं." आणि रडल्या. सर गेल्यापासून मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

मग उठून आतल्या खोलीत गेल्या आणि एक जाड वही घेऊन आल्या. मी ती कधी पाहिली नव्हती. माझ्याकडून तपासून आलेली प्रत्येक नोंद सर या वहीत शाईने उतरवून ठेवत होते. काकू दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, शोध ती. मी शोधली. शेवटच्या काही पानांत होती, म्हणजे हे सगळं होऊन गेल्यावर त्यांनी ती उतरवली होती. अक्षर थोडं कापरं, पण नोंद अगदी बिनचूक. शेवटचं वाक्य नव्हतं. मी काढलं होतं, त्यांनीही काढलं होतं. "लिव ती वळ," काकू म्हणाल्या. खाली दोन बोटं जागा होती. "दार" हा शब्द मला दोनदा लिहावा लागला. काकूंनी ओळ जवळ घेऊन वाचली, बोट फिरवत, एकेक अक्षर, आणि वही मिटून मांडीवर ठेवली.

निघताना मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही, बाजूलाही केलं नाही. "तुला मी आज काय बोलत न्हाई," म्हणाल्या. "पन बोलंन. तवा ऐकून घ्यायचं." मी हो म्हटलं. रविवारी परत जायचं आहे. भीती वाटतेच, तरी जाणार आहे.